बांधलेला भाव आणि चढलेला कोळसा

धान्य असो, तूप असो की कापड, बांधलेल्या भावाने माल देण्याचे ठरावे आणि देण्याच्या वेळेपर्यंत बाजार चढावा, असा प्रसंग प्रत्येक पेढीवर केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो. अशा वेळी तोटा सोसून माल देणाऱ्याची पत वाढते, हे आपल्या घराण्यांतून कुणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. परंतु हाच प्रश्न हजारो कोटींच्या विजेच्या व्यवहारात उभा राहतो तेव्हा उत्तर तितके सोपे राहात नाही. आपल्या देशातील त्या प्रश्नाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 11 एप्रिल 2017 रोजी दिला. कारखाना, गिरणी वा शीतगृह चालविणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असा आहे.

गुजरातेतील मुंद्रा येथे समुद्रकिनारी दोन मोठे औष्णिक प्रकल्प उभे राहिले, एक अदानी समूहाचा आणि दुसरा टाटा पॉवरचा. टाटांचा प्रकल्प 4000 मेगावॉटचा. त्याची वीज गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पाच राज्यांनी घ्यायची, असा 25 वर्षांचा करार 2007 साली झाला. स्पर्धात्मक निविदेत टाटांनी प्रतियुनिट सुमारे 2 रुपये 26 पैसे असा सरासरी दर भरला होता. अदानींचे करार गुजरात आणि हरियाणाशी होते. निविदेच्या नियमांनुसार इंधनखर्चाचा भाग वाढता ठेवायचा की न वाढणारा, याची निवड बोली लावणाऱ्याकडे होती. न वाढणारा आकडा दिला की बोली आकर्षक दिसे. मात्र पुढील काळातील चढउताराची जोखीम मग आपल्याच शिरावर राही.

कोळसा इंडोनेशियातून स्वस्तात येईल, हा सगळ्याचा आधार होता. 2010 साली तेथील सरकारने नियम केला की निर्यातीचा कोळसा आंतरराष्ट्रीय भावाशी निगडित दरानेच विकला गेला पाहिजे आणि जुने करारही त्याप्रमाणे बदलून घेतले पाहिजेत. स्वस्त कोळशाचा हिशेब कोलमडला. दोन्ही कंपन्या केंद्रीय विद्युत नियामक आयोगाकडे गेल्या. ही दैवी आपत्तीसारखी अनिवार्य घटना आहे, हा कायद्यातील बदल आहे, म्हणून दर वाढवून द्या, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने हे दोन्ही मुद्दे मान्य केले नाहीत, तरी आपल्या अधिकारात 'भरपाई दर' देण्याचा मार्ग काढला. पुढे 2016 साली अपिलीय न्यायाधिकरणाने तर ही अनिवार्य घटनाच ठरविली. ग्राहकांच्या वतीने लढणाऱ्यांत पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचा ऊर्जा गटही होता, हे महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 56 प्रमाणे करार संपुष्टात येतो तो काम अशक्य झाले तर. महाग झाले म्हणून नव्हे. या विवेचनात न्यायालयाने जी जुनी उदाहरणे विचारात घेतली ती आपल्या बाजारपेठेतीलच वाटावीत. एक तुपाचे. 1937 साली सैन्याला तूप पुरविण्याचा करार झाला, पुढे महायुद्ध पेटले, खर्च वाढले, आणि आडत्यांनी अधिक मोबदला मागितला. 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला होता. दुसरे भुईमुगाच्या दाण्यांचे. 1956 साली सुदानचे शेंगदाणे हॅम्बुर्गला पोहोचविण्याचा सौदा झाला आणि सुवेझ कालवा बंद पडला. आफ्रिकेला वळसा घालून जायचे तर अंतर अडीचपट आणि भाडे जवळजवळ दुप्पट. तरीही इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की माल पोहोचविणे शक्य होते, म्हणून करार कायम. मुंद्र्याचा कोळसाही मिळत होता. फक्त महाग मिळत होता.

परदेशातील कायदा बदलला म्हणून करारातील 'कायद्यातील बदल' हे कलम लागू होत नाही, तेथे भारतीय कायदाच अभिप्रेत आहे, असेही न्यायालयाने सांगितले. मात्र निवाडा सर्वस्वी एका बाजूचा नाही. देशांतर्गत कोळशाचा पुरवठा सरकारी धोरण बदलल्यामुळे जेथे कमी पडला, तेथे तो करारातीलच अर्थाने कायद्यातील बदल ठरतो आणि त्या मर्यादेत दिलासा मिळू शकतो, असे त्यात म्हटले आहे.

विक्रेत्याचा तोटा खरा होता, यात शंका नाही. बँकांचा पैसा अडकला होता, प्रकल्प बंद पडले असते तर अंधार ग्राहकाच्याच घरी आला असता. तरी मला एक गोष्ट अधिक बोचते. निविदेत दुसराही कोणी उतरला होता. त्याने कदाचित कोळशाची जोखीम धरून चढा दर भरला आणि त्यामुळेच तो हरला. विजेत्याला मागाहून दर वाढवून दिला, तर त्या सावध माणसाला प्रामाणिक हिशेबाचीच शिक्षा होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापाची गणना आहे. बोलीत एक माप आणि वसुलीत दुसरे, हे त्याच्या फार दूरचे नसावे.

आता आपल्या दाराशी. महावितरणचा दर हा कराराने बांधलेला नसून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो, त्यामुळे तेथे 'हमी दर' असा दावा करता येत नाही. छतावरील सौर संचासाठी किंवा खासगी उत्पादकाशी आपण जो खरेदी करार करतो, तेथे मात्र हा निवाडा उपयोगी पडतो. दर वाढविल्याचे पत्र आले की प्रथम कराराची प्रत काढावी आणि वाढ नेमक्या कोणत्या कलमाखाली मागितली आहे, ते लेखी विचारावे. कलम सांगता आले नाही, तर ठरलेल्या दराने वेळेवर पैसे भरत राहावे आणि फरकाला लेखी हरकत घ्यावी. तोंडी बोलणी करून बिल थकविणे सर्वांत वाईट, कारण मग थकबाकीदार आपणच ठरतो. वीज कायदा 2003 च्या कलम 56 मध्ये (योगायोगाने हा आकडाही तोच) आणखी एक आधार आहे. वाद चालू असता मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निर्णय होईपर्यंत परवानाधारक किंवा वीजनिर्मिती कंपनीला पुरवठा तोडता येत नाही.

आणि करारावर सही करण्याआधी 'कायद्यातील बदल' व 'अनिवार्य घटना' ही दोन कलमे घरातील कुणीतरी सावकाश वाचावीत. मुंद्र्याच्या खटल्याचा निकाल शेवटी त्यांवरच लागला. त्या किनाऱ्याची कथा मात्र तेथे थांबली नाही. मे 2022 मध्ये देशात विजेची टंचाई झाली, तेव्हा केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम 11 खाली आयातित कोळशावरील प्रकल्पांना पूर्ण क्षमतेने चालण्याचा आदेश दिला आणि त्या काळापुरता वाढीव कोळशाचा खर्च दरात धरू दिला.