एस्केप दाबल्यावर

टर्मिनलमधल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये एस्केप दाबलं की मेनू बंद व्हायला कधीकधी चक्क सेकंदभर लागतो. इतक्या वेगवान यंत्रावर हा उशीर कशाचा, या कुतूहलापोटी मी शोध घ्यायला बसलो आणि २७ या एका आकड्यापाशी अडकलो.

इतिहास थोडक्यात असा. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ सालचं. पडदा, कीबोर्ड आणि संगणकाकडे जाणारी तार. तारेतून एकामागून एक बाइट जायचे. ते यंत्र गेलं, त्याची नक्कल करणारे प्रोग्रॅम राहिले. त्यांतला एक्सटर्म १९८४ पासूनचा. १९९६ पासून थॉमस डिकी तो निगुतीनं सांभाळत आले आहेत.

बाणाच्या कळीला स्वतःचा बाइट नाही. वरचा बाण दाबला की तीन बाइट निघतात: २७, मग चौकटी कंस, मग मोठा ए. आणि नुसतं एस्केप दाबलं तर? तेही २७च. प्रोग्रॅमच्या हाती २७ पडतो तेव्हा पुढे कंस येणार की नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग तो वाट बघतो. एनकर्सेस ही लायब्ररी, कोणी बदल केला नसेल तर, १००० मिलिसेकंद थांबते. हाच तो सेकंद! कळ ओळखायचं काम घड्याळावर सोपवलेलं आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

माउसही याच तारेतून येतो. जुन्या पद्धतीत दहाव्या स्तंभात, पाचव्या ओळीत क्लिक केलं की २७, कंस, मोठा एम आणि त्यामागे बटण, स्तंभ, ओळ असे तीन बाइट. प्रत्येक आकड्यात ३२ मिळवायचे, म्हणजे स्तंभ ४२ आणि ओळ ३७. बाइटची मर्यादा २५५, त्यामुळे २२३व्या स्तंभापलीकडचं क्लिक सांगताच येत नाही. रुंद पडदे आले तशी ही अडचण जाणवू लागली. शिवाय बटण सुटल्याचं कळतं, कोणतं सुटलं ते नाही. नंतरच्या १००६ क्रमांकाच्या पद्धतीत आकडे साध्या अंकांत येतात आणि बटण सुटलं की शेवटी छोटा एम येतो.

घड्याळाचा घोळ मात्र राहिलाच. संथ नेटवर्कवर २७ आधी पोचतो, बाकीचे बाइट रेंगाळतात. व्हीआय संपादकात लिहिता लिहिता बाण दाबावा, तर तो एस्केप समजतो, पाठोपाठ आलेल्या मोठ्या ओमुळे वर नवी ओळ उघडतो आणि तिच्यात ए उमटवतो. कारण काही वेळा टर्मिनल कंसाऐवजी ओ पाठवतं. कंट्रोल-आय आणि टॅब यांचाही बाइट एकच, ९. त्यांना वेगळं करायला तर घड्याळही कामाचं नाही.

भारतीय प्रोग्रॅमर कोविद गोयल यांच्या किटी टर्मिनलनं यावर नवी पद्धत आणली. तिच्यात एस्केपलाही पूर्ण क्रम मिळतो: २७, कंस, अंकांत लिहिलेले २७ आणि यू. समोरच्या टर्मिनलला ही पद्धत येते का, हे ठरवण्याची युक्ती मला फार आवडली. प्रोग्रॅम आधी नवा प्रश्न विचारतो आणि लगेच एक जुना, ज्याचं उत्तर जवळपास प्रत्येक टर्मिनल देतं. फक्त जुन्याचं उत्तर आलं, तर नवी पद्धत नाही हे नक्की. अंदाजानं थांबावं लागत नाही. पण मग त्या टर्मिनलवर पुन्हा २७ वाचायचा आणि वाट बघायची.