कॉलेज कबड्डी: पुढची दोन-तीन वर्षं कोणाची?

नाते, महाड, पोलादपूरच्या कबड्डीप्रेमींनो, कॉलेज संघांचा अंदाज गेल्या वर्षीच्या ढालीवरून बांधू नका. पदवीचा खेळाडू तीन वर्षांत बाहेर पडतो. तिसऱ्या वर्षाच्या एकाच हुकमी चढाईपटूवर जिंकलेला संघ पुढच्या मोसमात रिकामा होतो.

मी आधी दोन्ही कोपरे बघतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे डावा आणि उजवा कोपरारक्षक एकत्र खेळत असतील, तर तो संघ वर येणारच! चढाईपटू एकट्याने चमकू शकतो. कोपऱ्यांची जोडी जमायला मात्र मोसम जातात. मैदानात तीन किंवा कमी गडी उरल्यावर अशा जोडीने केलेल्या अव्वल पकडीला एक जादा गुण मिळतो, हरत आलेला सामना तिथेच फिरतो.

दुसरी खूण मॅटची. मुंबई विद्यापीठात मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं येतात, त्यामुळे मॅटवर सराव केलेल्या संघांशीही गाठ पडते. आपली पोरं मातीत तयार होतात, पण मॅटवर बूट घालून वळणं वेगळं. ज्या कॉलेजला रोज मॅटचा सराव, त्याचं पारडं जड.

प्रो कबड्डीत पुणेरी पलटण बघा. तरुण खेळाडू घडवत ते नवव्या, दहाव्या आणि बाराव्या हंगामात अंतिम फेरीत गेले. २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेतेही झाले.

म्हणून माझा कौल प्रथम वर्षाची सर्वाधिक पोरं खेळवणाऱ्या कॉलेजला. तुमच्या कॉलेजचे कोपरे कोण सांभाळतंय?