मान्यता, पण कशाची?

भातकुलीसारख्या खारपाणपट्ट्यातील गावांतूनही आता मुले परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. याच जिल्ह्यातील पापळच्या पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविली होती. परंतु शेत गहाण टाकून कर्ज काढणाऱ्या पालकाने आधी एक प्रश्न विचारावा : ‘सरकारमान्य’ म्हणजे नेमकी कशाची मान्यता?

अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची परवानगी सरकार देते. शिक्षणाच्या दर्जाची ग्वाही मात्र स्वतंत्र मूल्यांकन संस्था देतात. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठाजवळ परवानगी होती, तीही खोट्या माहितीवर मिळविलेली. दर्जाची ग्वाही नव्हतीच. जानेवारी २०११ मध्ये तेथे छापा पडला आणि शेकडो भारतीय विद्यार्थी उघड्यावर आले. काहींच्या पायांत तर पाळत ठेवणारी यंत्रे अडकविण्यात आली.

मध्यस्थाची दलाली पुष्कळदा परदेशी महाविद्यालयच देत असते. अर्थशास्त्राच्या भाषेत, माहिती विक्रेत्याजवळ आणि जोखीम ग्राहकाच्या माथी! तेव्हा त्या देशाच्या सरकारची यादी, मूल्यांकन संस्थेची नोंद आणि परत आल्यावर ती पदवी भारतात समकक्ष मानली जाईल काय, या तिन्ही गोष्टी पालकांनी स्वतः तपासाव्यात. कपाशीचे बियाणे घेताना पिशवीवरील खूण निरखून पाहणारा वऱ्हाडी शेतकरी मुलाच्या शिक्षणाचा सौदा केवळ ऐकीव माहितीवर करतो, हे थांबलेच पाहिजे.