फैजपूरचा धडा : प्रवाशांस खेड्याकडे कसें वळवावें

परदेशचा प्रवासी राजधानी पाहतो आणि देश पाहिला असें समजून परततो. आपल्या खानदेशांत तो आलाच, तर बहुधा अजिंठ्याच्या वाटेवर येतो. जळगांव स्टेशनावर उतरून सुमारें ६० किलोमीटरांवरील लेणीं पाहिलीं, कीं तो आल्या वाटेनें निघून जातो. केळीच्या बागा त्यास गाडीच्या खिडकींतूनच दिसतात, आणि त्याचा पैसा खेड्यास लागत नाहीं.

हा ओघ वळवितां येतो, हें फैजपूरनें एकदां दाखविलें आहे. गांधीजींच्या आग्रहावरून राष्ट्रीय सभेचें पन्नासावें अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरांत येथें भरलें. ग्रामीण भागांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं शहरांतून थाटमाट आणविला नाहीं. बांबूसारख्या गांवच्याच साहित्यानें नगर सजविलें. खादी व ग्रामोद्योग यांचें प्रदर्शनही भरलें. पाहुण्यांस खेड्यानें शहराची नक्कल दाखवूं नये, आपलें जें आहे तेंच नीट मांडावें, हा त्यांतील धडा.

आपल्यापाशीं मांडण्याजोगें थोडें नाहीं. जळगांवचीं केळीं व भरिताचें वांगें यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. केळीचा कंद लावल्यापासून घड कापीपर्यंतची कथा बागेंत उभें राहून ऐकावी, दुपारीं भरीत व कळण्याची भाकरी खावी, दुसरे दिवशीं सातपुड्यांतील पाल किंवा मुक्ताईचें दर्शन घ्यावें, एवढ्यानें पाहुणा दोन दिवस सहज राहील. हिवाळा हाच त्याचा हंगाम, भरितही तेव्हांचेंच.

मात्र अधिवेशन थोड्या दिवसांचें होतें. येथें व्यवस्था नित्याची हवी. स्वच्छ खोली व शौचकूप, पिण्याचें शुद्ध पाणी, आधीं सांगितलेला दर आणि माहिती देणारा जाणता माणूस, हीं चार अंगें एकट्या शेतकऱ्यास जड जातील. पांच-दहा घरांनीं मिळून केलीं तर जमतील. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. त्याचे नियम प्रथम समजून घ्यावे.

पाहुण्यांच्या भरंवशावर शेती सोडावी, असें आमचें म्हणणें नाहीं. शेती उत्तम असेल तरच ती पाहण्यास कोणी येईल. परंतु उन्हाळी वादळांत बाग आडवी होते, किंवा भाव कोसळतो, तेव्हां घरांत येणारा दुसरा पैसा कर्जाची पायरी चुकवितो. बंधूंनीं याचा विचार येत्या हिवाळ्यापूर्वींच करावा.