टॅक्सीचे भाडे वाढते तेव्हा

आमच्या थोरल्या वहिनींना परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवायचे होते. साल २०१९. सकाळी आम्ही दादर स्टेशनवर उतरलो. वहिनींचे पाय सुजलेले. बरोबर पिशवी आणि बोचके. बाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्सी उभ्या होत्या. मी म्हटले, "परळला चला." पहिल्याने नुसती मान हलवली. दुसरा म्हणाला, "एवढ्या जवळचं भाडं नाही घेत." तिसऱ्याने काच वर केली. वहिनी बिचाऱ्या फुटपाथवरच बसल्या.

चौथा ड्रायव्हर आमच्या सातारकडचा निघाला. आमच्या बोलण्यावरून त्याने ओळखले. म्हणाला, "काका, बसा. आईंना आधी आत घ्या."

वाटेत मी रागाने विचारले, "अरे, आजारी माणसालाही हे लोक नाही म्हणतात! ही काय रीत झाली?"

तो म्हणाला, "त्यांचं चुकतंच, काका. पण आमचंही ऐका. चार वर्षं झाली, पहिल्या टप्प्याचं भाडं बावीस रुपयेच आहे. गॅस वाढला. विमा वाढला. जवळचं भाडं घेतलं की गर्दीत अर्धा तास जातो, आणि हातात पडतात सदतीस रुपये. मग जो तो लांबचं गिऱ्हाईक बघतो."

इस्पितळ आले. मीटरप्रमाणे ३७ रुपये झाले. त्याने तेवढेच घेतले. पण त्याचे बोलणे माझ्या डोक्यात राहिले. टॅक्सीचे भाडे वाढवावे का? वाढवले तर काय होते? न वाढवले तर काय होते? आज आपण हेच समजून घेऊ.

भाडे ठरवतो कोण?

आठवड्याच्या बाजारात आपण वांगी घेतो. भाव पटला नाही तर पुढच्या पाटीकडे जातो. पण रात्री अकराला, पावसात, परक्या शहरात, आजारी माणूस घेऊन उभे असताना घासाघीस कशी करणार? समोरचा मागेल ते द्यावे लागेल. म्हणून टॅक्सीचे भाडे सरकार बांधून देते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने राज्य सरकारला तो अधिकार आहे. मुंबई आणि आसपासच्या भागासाठी एक परिवहन प्राधिकरण आहे. ते टॅक्सीचे व रिक्षाचे दर ठरवते.

दर ठरवताना हिशेब करतात. गाडीची किंमत किती, गॅस कितीला, दुरुस्ती आणि विमा किती, ड्रायव्हरच्या घरखर्चाला किती लागते, हे सारे पाहतात. २०१२ साली हकीम समितीने याचे एक सूत्र घालून दिले. पुढे खटुआ समितीनेही दुसरे सूत्र सुचवले.

सूत्र असले तरी दर वेळेवर वाढतोच असे नाही. २०१५ च्या जून महिन्यात टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २१ चे २२ रुपये झाले. त्यानंतर पावणेसहा वर्षे ते हलले नाही. २०२१ च्या मार्चमध्ये ते २५ झाले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये २८ झाले. १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ झाले. त्याच दिवशी रिक्षाचे भाडे २३ चे २६ झाले.

गिऱ्हाईक काय करते?

आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीचे उदाहरण घ्या. गिरणीवाल्याने दळणाचा दर वाढवला. बायाबापड्या कुरकुर करतात. तरी घरात पीठ संपले असेल ती बाई दळण आणतेच. जिला दोन दिवस थांबता येते, ती थांबते. जिला शेजारच्या गावाला जाणे जमते, ती तिकडे दळून आणते.

टॅक्सीचे तसेच. ज्याच्याजवळ बोजा आहे, ज्याच्या घरचे माणूस आजारी आहे, तो दोन रुपये जास्त देऊन जातोच. पण ज्याला मैलभरच जायचे आहे, तो म्हणतो, "त्यापेक्षा चालत जाऊ." दुसरा बसच्या रांगेत उभा राहतो. तिघे-चौघे मिळून एकच टॅक्सी करतात आणि पैसे वाटून घेतात. आपण वडापच्या जीपमध्ये बसतो ना, तसेच. आता तर मोबाइलवरून बोलवायच्या गाड्याही निघाल्या आहेत. लोक तिकडचा दर आणि इकडचा दर ताडून पाहतात.

यात बसच्या तिकिटाचाही हात असतो. मुंबईच्या बेस्ट बसचे कमीत कमी तिकीट २०१९ च्या जुलैमध्ये ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. एका बाजूला ५ रुपये, दुसऱ्या बाजूला २२. जवळ जाणारा माणूस काय करील, ते सांगायला नको. २०२५ च्या मे महिन्यात तेच तिकीट १० रुपये झाले. म्हणजे टॅक्सीला गिऱ्हाईक किती मिळेल, हे एकट्या टॅक्सीच्या दरावर ठरत नाही.

ड्रायव्हरच्या हातात काय पडते?

आपल्याला वाटते, भाडे तीन रुपयांनी वाढले म्हणजे दर फेरीला ड्रायव्हरला तीन रुपये सुटले. थोडा हिशेब मांडून बघा.

समजा, एका ड्रायव्हरला दिवसात जवळच्या २० फेऱ्या मिळत होत्या. दर फेरीला २८ रुपये. वीस गुणिले अठ्ठावीस, ५६० रुपये झाले. आता भाडे ३१ झाले. दोन गिऱ्हाईके चालत गेली. उरल्या १८ फेऱ्या. अठरा गुणिले एकतीस, ५५८ रुपये. वाढ कुठे गेली? गिऱ्हाईकाबरोबर गेली! दोन फेऱ्यांचा गॅस वाचला, एवढाच फायदा. पण एकच गिऱ्हाईक तुटले तर १९ फेऱ्यांचे ५८९ रुपये होतात. मग ड्रायव्हरला बरकत आहे.

दुसरी गोष्ट. पुष्कळ ड्रायव्हरांची गाडी स्वतःची नसते. ते मालकाला रोजचे ठरलेले पैसे देतात, आणि गॅसही स्वतः भरतात. उरेल ते त्यांचे. खंडाने शेती करावी तसा हा प्रकार आहे. पिकाला भाव आला की जमीनवाला खंड वाढवून मागतो. तसेच भाडे वाढले की काही गाडीमालक रोजचे पैसे वाढवून मागतात. मग गिऱ्हाईकाने दिलेली वाढ ड्रायव्हरच्या हातातून मालकाकडे जाते.

२०२५ च्या उन्हाळ्यात वहिनींना पुन्हा इस्पितळात न्यायचे होते. त्या सातारकर ड्रायव्हरचा नंबर मी जपून ठेवला होता. तो स्टेशनवर आला. दादर ते परळ त्याच वाटेला आता ५२ रुपये झाले. मी म्हटले, "काय रे, आता तरी सुखात ना?"

तो हसला. "पहिले पंधरा दिवस लई वाईट गेले, गुरुजी. लोक दर ऐकून पुढं जायचे. मग हळूहळू निम्मे-अर्धे परत आले. माझी गाडी आता माझी आहे, म्हणून चार पैसे दिसतात. माझा मेव्हणा दुसऱ्याची गाडी चालवतो. त्याला विचारा! त्याच्या मालकानं महिन्याच्या आत पैसे वाढवले."

मग वाढ करावी की नको?

दर फार दाबून ठेवला तर गिऱ्हाईकाला कागदावर टॅक्सी स्वस्त दिसते, पण रस्त्यावर ती मिळत नाही. ड्रायव्हर जवळचे भाडे नाकारतो. कोणी मीटर न टाकता मनाला येईल ते मागतो. २०१९ साली वहिनी फुटपाथवर बसल्या, ती स्वस्ताई त्यांच्या काय उपयोगाची?

उलट, वर्षानुवर्षे काहीच न वाढवता एकदम मोठी वाढ केली, तर गिऱ्हाईक बिचकते. एकदा बसची किंवा चालण्याची सवय लागली की ते लवकर परत येत नाही. म्हणून खर्च वाढेल तसा दर थोडा थोडा, वेळेवर वाढवणे दोघांनाही सोसते. बैलालाही ओझे एकदम घालत नाहीत.

एक मात्र खरे. नुसत्या दरवाढीने नाकारणे थांबत नाही. वाढीव पैसे घेऊनही परवानाधारक ड्रायव्हर उगाच नाही म्हणत असेल, तर तो कायद्याने गुन्हा आहे.

मंडळी, हे ध्यानात ठेवा

मुंबईला गेलात तर बसण्यापूर्वी सांगा, "मीटरने चला." निघताना मीटरवर पहिल्या टप्प्याचेच भाडे आहे ना, ते बघा. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. भिऊ नका.

नवा दर लागू झाल्यावर मीटर बदलून घ्यायला वेळ लागतो. तोवर ड्रायव्हरने सरकारी दरपत्रक दाखवून पैसे घ्यायचे असतात. ते मागा आणि स्वतः वाचा.

रात्री बारा ते पहाटे पाच भाडे सव्वापट असते. त्यावरून भांडू नका.

कोणी नाकारले किंवा जास्त मागितले, तर गाडीचा नंबर लिहून घ्या. परिवहन कार्यालयाकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते.

आणि तुमचा मुलगा टॅक्सी चालवायला शहरात निघाला असेल, तर भाडे किती वाढले एवढेच विचारू नका. मालकाला रोजचे किती द्यायचे, तेही विचारा. आधी वजाबाकी करा, मग त्याला गाडीत बसवा.