इंजिनाआधी ब्रेक

मोटारगाडी जुनी झाली की ती विकून टाकावी, हा व्यवहाराचा सरळ दंडक आहे. परंतु अमेरिकेत, जेथे घरालगत स्वतंत्र गॅरेज असणे ही सामान्य गृहस्थाच्याही बाबतीत अपूर्वाईची गोष्ट नाही, तेथे गेल्या कित्येक पिढ्या एक निराळीच परंपरा नांदत आली आहे. गाडी जुनीच ठेवावयाची, तिचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी भंगाराच्या आवारातून आणलेले मोठे इंजिन स्वहस्ते बसवावयाचे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणावयाची, असा हा उद्योग आहे. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे इंजिन सामान्यांच्या ऐपतीत आणले, तेव्हापासून या छंदाला पाया लाभला. दुसऱ्या महायुद्धात यंत्रविद्या शिकून परतलेल्या तरुण सैनिकांनी त्याला बहर आणला. १९४९ सालचे कॅडिलॅकचे नवे आठ सिलिंडरी इंजिन बिल फ्रिक या न्यूयॉर्क परिसरातील तंत्रज्ञाने स्टुडबेकरच्या सुबक गाडीत बसविले आणि त्या संयोगाला ‘स्टुडिलॅक’ असे नाव पडले. इयन फ्लेमिंग यांच्या १९५६ सालच्या जेम्स बाँड कादंबरीतही या गाडीने प्रवेश केला आहे.

आज या छंदात ज्या जुन्या सेडान आवर्जून निवडल्या जातात, त्यांत व्होल्व्हो २४० ही स्वीडिश गाडी अग्रगण्य आहे. १९७४ ते १९९३ या काळात तिच्या २८ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तिचे इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असून शक्ती मागील चाकांना मिळते. शिवाय त्याच सांगाड्यावर सहा सिलिंडरांची २६० ही भावंड गाडीही निघत असल्यामुळे बॉनेटखालची जागा मुळातच ऐसपैस आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवटच्या वर्षांतील गाड्यांत २.३ लिटरचे, सुमारे ११४ अश्वशक्तीचे चार सिलिंडरी इंजिन असे. त्याच्या जागी पुष्कळ हौशी मंडळी जनरल मोटर्सच्या मालवाहू पिकअप गाड्यांतले ५.३ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवितात. १९९९ पासून ते इतक्या विपुल संख्येने निघाले, की मोडीच्या आवारात ते सहज आणि स्वस्तात मिळते. आणि त्याची शक्ती पावणेतीनशे अश्वशक्तीच्या घरात आहे. एवढे मोठे इंजिन चार सिलिंडरी इंजिनाच्या जागेत मावते तरी कसे, ही वाचकाची शंका रास्त आहे. बहुतेक आधुनिक इंजिनांत कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या माथ्यावर असतात आणि त्यामुळे इंजिनाची रुंदी व उंची वाढते. या इंजिनात मात्र एकच कॅमशाफ्ट दोन्ही रांगांच्या मधल्या बेचक्यात दडलेला असल्याने, त्याहून लहान क्षमतेच्या कित्येक इंजिनांपेक्षाही त्याचे बाह्य आकारमान आटोपशीर राहिले आहे.

येथे माझे स्पष्ट मत नोंदवितो. ज्याला हे काम करावयाचे आहे, त्याने इंजिनाच्या शोधात निघण्यापूर्वी गाडीच्या ब्रेकपासून आरंभ करावा. धावत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरऐवजी १४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. व्होल्व्होच्या अभियंत्यांनी या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक दिले आणि ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग अशा खुबीने आखले, की एक मार्ग निकामी झाला तरी पुढची दोन्ही चाके आणि मागचे एक चाक पकड सोडीत नाहीत. हा वारसा थोर खरा. परंतु तीस-पस्तीस वर्षांत रबरी नळ्या आतून फुगतात, कॅलिपरमधील पिस्टन गंजून अडतात आणि ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषून कमी तापमानाला उकळू लागते. हे सारे नवे झाल्यावाचून, स्टिअरिंगचे सांधे आणि सस्पेन्शनची बुशे तपासून बदलल्यावाचून, अडीचपट शक्ती गाडीच्या स्वाधीन करणे म्हणजे स्वतःच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जीविताशी खेळणे होय. जड इंजिनामुळे पुढच्या धुरीवरील भार वाढतो, त्याअर्थी पुढच्या स्प्रिंगांचाही विचार तेव्हाच उरकून घ्यावा.

यानंतर येते मोजमाप, आणि या कामाचे खरे मर्म मला त्यातच दिसते. पिकअपच्या इंजिनाचा ऑइल पॅन खोल असतो. तो सेडानच्या आडव्या क्रॉसमेंबरवर अडतो, म्हणून दुसऱ्या गाडीचा उथळ पॅन शोधावा लागतो. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला घासणार नाही आणि ब्रेकच्या नळ्यांना भाजणार नाही, अशी वाट काढावी लागते. अनुभवी माणसे म्हणूनच रिकामा ब्लॉक आणि रिकामा गिअरबॉक्स एकत्र बांधून अनेकदा आत सोडतात, पाहतात, बाहेर काढतात, आणि सर्व बाजूंनी पुरेसे अंतर राहिल्याची खात्री पटली म्हणजेच माउंटिंग वेल्ड करतात. त्यातही एक बाब नवख्याच्या ध्यानात येत नाही, ती प्रोपेलर शाफ्टच्या कोनांची. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा एकमेकांना समांतर असावे लागतात. त्यांच्यामधील शाफ्ट दोन्ही टोकांशी सारखाच, लहानसा कोन करतो आणि दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटांची असम गती परस्परांना रद्द करते. हा मेळ अंशा-दोन अंशांनी बिघडला, तरी ठरावीक वेगाला सबंध गाडी थरथरू लागते आणि मालक बिचारा चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे खर्चीत राहतो.

गिअरबॉक्स नव्या इंजिनाच्या जोडीचाच घ्यावा, यात वादाला फारशी जागा नाही. मागचा मूळ ॲक्सल सौम्य हाताने चालविणाऱ्याला पुष्कळ दिवस साथ देतो. उतावळ्याला तो लवकरच बदलावा लागतो.

रेडिएटर मोठा लागतो, कारण अधिक इंधन जाळणारे इंजिन त्याच मानाने अधिक उष्णता बाहेर टाकते. इंधनाच्या पंपाला सुमारे ४ बार इतका दाब सातत्याने द्यावा लागतो. त्यामुळे जुन्या नळ्या आणि त्यांचे सांधे बदलणे ओघानेच आले. परंतु घरी काम करणाऱ्यांचा धीर सर्वांत अधिक खचतो तो वायरिंगपाशी. या इंजिनाचा कारभार संगणक पाहतो. हवा किती आली, पाणी किती तापले, क्रँकशाफ्ट कोठे आहे, धुरात प्राणवायू किती उरला, अशा वर्दी त्याला सेन्सरांकडून अखंड पोहोचाव्या लागतात. पिकअपच्या तारांच्या मूळ जुडग्यातून दिवे, दारे व वातानुकूलन यांच्या तारा वेगळ्या करून केवळ इंजिनापुरत्या तारा राखणे आणि त्या २४०च्या जुन्या फ्यूजपेटीशी जोडणे, हे काम नकाशा समोर ठेवून, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून, सावकाशपणे करावयाचे असते. चोरीविरोधी कुलूप जेथे असेल, तेथे ते संगणकाच्या स्मृतीतून काढावे लागते. एरवी इंजिन सुरू होऊन क्षणार्धात बंद पडते.

प्रत्यक्ष इंजिन उतरविण्या-चढविण्याचे काम त्या मानाने अल्पकाळाचे असले, तरी धोका तेथेच अधिक. बॅटरी सोडविलेली असावी, इंधनाचा दाब उतरविलेला असावा, आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. रेडिएटरमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण जहाल विषारी असते. अंगणातील कुत्र्यामांजरांच्या वाटेत त्याचे भांडे ठेवू नये.

गाडी सुरू झाली म्हणजे सरकारी दप्तराचा प्रश्न उभा राहतो. कॅलिफोर्नियाचा कायदा यासंबंधात कडक आणि माझ्या मते न्याय्यही आहे. १९७६ किंवा त्यानंतरच्या गाडीत बसविलेले इंजिन त्या गाडीच्या सालाचे वा त्याहून अलीकडचे असले पाहिजे, धुराच्या बाबतीत त्याच किंवा अधिक कडक वर्गातले असले पाहिजे, आणि त्याची धूरनियंत्रक साधने जशीच्या तशी कायम असली पाहिजेत. सरकारने नेमलेला तपासनीस हे सारे पाहून मगच दाखला देतो. छंदाला बंदी न करता हवेचे रक्षण करण्याची ही तजवीज आहे.

आपल्याकडे इंजिनांची अशी अदलाबदल झाली ती मुख्यतः कारखान्यांतून. मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर कारखान्याने १९८५ साली फियाट १२४च्या शरीरात निस्सानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून ‘११८ एनई’ काढली. हिंदुस्थान मोटर्सने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी अँबॅसडरला १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाऐवजी इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स दिला. खासगी मालकाला मात्र अशी मोकळीक नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. इंजिन झिजले, तर त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे दुसरे इंजिन आर.टी.ओ.च्या मंजुरीने बसविता येते आणि त्याचा क्रमांक पुस्तकात रुजू करून घेता येतो. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी जतन करणाऱ्या आपल्याकडील रसिकाला घरच्या घरी हात चालवावयाचे असतील, तर त्याला ब्रेक, वायरिंग, रेडिएटर आणि मूळ इंजिनाची नव्याने बांधणी, एवढे क्षेत्र खुले आहे; आणि ते मुळीच लहान नाही.