खात्यात डॉलर असले, तरी बिल रुपयांतच

न्यू जर्सीत नोकरी आहे आणि पाकिटात भारतीय बँकेचे क्रेडिट कार्डही आहे, अशा अनेकांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो: खरेदी डॉलरमध्ये केली, आपल्याकडे डॉलर आहेतच, मग बिलही तिकडच्या खात्यातून भरले की चलन बदलण्याचा खर्च वाचला. या हिशेबात मधला एक टप्पा गळतो. खरेदीचा व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून बँकेकडे पोहोचतो, तेव्हाच त्याचे रुपये झालेले असतात. बिल येते तेव्हा डॉलरचा हिशेब संपलेला असतो आणि बँकेचे रुपयांतले देणे तेवढे उरलेले असते. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप लागतो, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. १,००० डॉलरच्या खरेदीवर हे ३५ अधिक ६.३० असे ४१.३० डॉलर होतात, आणि बिल कुठल्याही खात्यातून भरा, त्यातला एक सेंटही परत मिळत नाही. उलट बिलासाठी डॉलर भारतात पाठवले की बँक ते आपल्या दराने, स्वतःचे अंतर राखून विकत घेते. म्हणजे एकाच खरेदीसाठी चलन दोनदा बदलले जाते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खरेदीनंतर रुपया घसरला तर बिलाची रक्कम तीच राहते आणि ती फेडायला कमी डॉलर लागतात. मग फायदा झालाच की! होतो, पण रुपया वधारला तर तितकाच तोटाही होतो. ही चलनावर लावलेली पैज आहे आणि तिच्यासाठी मुदत मिळते जेमतेम महिना-दीड महिन्याची. ज्याची कमाईच डॉलरमध्ये आहे, त्याने डॉलरची खरेदी तिकडच्याच बँकेच्या कार्डावर करावी. तिथे चलन बदलण्याचा प्रश्नच येत नाही. भारतीय कार्ड भारतातल्या रुपयांच्या खर्चासाठी ठेवावे.

त्या रुपयांच्या खर्चासाठी पैसा तर परदेशातूनच येणार, आणि इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: परदेशातून पैसा आला की त्यावर भारतात कर लागतो. अनिवासी व्यक्तीने परदेशात कमावलेला पगार केवळ भारतात पाठवला म्हणून करपात्र होत नाही. तो अनिवासींसाठीच्या एनआरई खात्यात जमा करावा, तिथे त्याचे रुपये होतात आणि त्यातून कार्डाचे बिल बिनदिक्कत भरता येते. एनआरओ खात्यातूनही बिल भरता येते. पण ते मुख्यतः भाडे, लाभांश अशा भारतातल्या उत्पन्नासाठी असते आणि त्यातली शिल्लक परदेशी नेण्यावर वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे. परदेशी पगार तिथे ओतून तो स्वतःहून मर्यादेत अडकवण्यात काही शहाणपण नाही. एफसीएनआर ही परकीय चलनातली मुदत ठेव असल्याने दरमहाच्या बिलासाठी तिचा उपयोग नाही.

कायमचे भारतात परतलेल्यांचा गैरसमज वेगळाच असतो: आता तिकडचे खाते बंदच करायला हवे. तशी सक्ती नाही. अनिवासी असताना मिळवलेले परकीय चलन परतल्यावरही परदेशात ठेवण्याची मुभा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या (फेमा) कलम ६(४) मध्ये आहे. त्यामुळे परतल्यावरही तिकडच्या कार्डाची थकबाकी तिकडच्याच खात्यातून फेडता येते. मात्र खाते ठेवता येते म्हणजे ते लपवता येते असे नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने सर्वसाधारण निवासी झाल्यावर परदेशी खाती विवरणपत्रात दाखवावी लागतात आणि तिथले व्याजही करपात्र होते. 'बाहेरच्या पैशातून भरले, कुणाला कळणार?' ही समजूतही टिकत नाही, कारण एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलांपोटी रोख १ लाख किंवा इतर मार्गांनी १० लाख रुपये वा त्याहून जास्त भरले गेले, तर बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. एनआरईतून भरणाऱ्याला याची भीती नको. पैसा कुठून आला ते त्या खात्याच्या उताऱ्यावरच असते.

दरावर पाव टक्का वाचवण्याच्या खटपटीत बिलाची देय तारीख मात्र विसरली जाते. परदेशातून निघालेली रक्कम मधल्या बँका आणि दोन्ही देशांच्या सुट्ट्या पार करत येते. कधी दोन-तीन दिवस सहज जातात. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ही सूट शुल्कापुरती आहे, व्याजाला ती लागू नाही. आणि अनेक कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतो. एनआरई खात्यात एका बिलापुरते रुपये आधीच ठेवून त्यावर स्वयंचलित वसुलीची सूचना दिली, तर रक्कम वाटेत अडकण्याचा प्रश्न येत नाही.